बहारीनमध्ये एकवीस दिवस, दोन वेळा

बहारीनला जाऊन आलो म्हटलं की आमच्याकडे लोक दोनच प्रश्न विचारतात. तिकडं सोनं कसं आहे, आणि उंटावर बसलात का. सोन्याची चौकशी मी केली नाही आणि उंट लांबून पाहिला. बेचाळीस दिवस मला दुसराच उद्योग होता. विचारणाऱ्यांना तो उभ्या-उभ्या सांगण्यासारखा नाही, म्हणून बसून लिहितो.

मी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होतो. शेवगावकडच्या आमच्या गावातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री, सेकंड क्लास. हे मी कुणी न विचारताही सांगतो. वडील विडी ओढायचे. मी कॉलेजला नगरला गेलो तेव्हा पहिल्याच वर्षी ठरवलं, शिकल्यासवरल्या माणसानं विडी ओढायची नाही. म्हणून सिगारेट ओढली. शिक्षणाचा हा फायदा मी चाळीस वर्षं घेतला.

मुलगी मनीषा बहारीनला असते. जावई संदीपराव तिथल्या सित्रा भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर. त्यांचं बाळ, ईशान, सातव्याच महिन्यात जन्माला आलं आणि पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत होतं. आम्ही जायचं ठरवलं तेव्हा तो पाच महिन्यांचा होता, पण फुप्फुसं अजून नाजूक. मनीषानं फोनवर अट घातली.

"आप्पा, या. पण एकवीस दिवस एकही सिगारेट नाही, मगच ईशान तुमच्या हातात."

"एकवीसच का?"

"सवय मोडायला तेवढे लागतात म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? पुरावा काय?"

"पुरावा हा, की तुम्ही फोन हातात घेतला की मला इथं बहारीनमध्ये वास येतो."

मुलीला शिकवलं की ती असं बोलते. मी अट मान्य केली.

पहिला दिवस

शेवटची सिगारेट मुंबईच्या विमानतळाबाहेर, बॅगांच्या गाडीला टेकून ओढली. मंगलनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, घड्याळ बघून वेळ लिहून घेतली.

बहारीन वरून पाहिलं की वाटतं, कुणीतरी समुद्रात वाळूचं पोतं उपडं केलंय आणि त्यावर इमारती रोवल्यात. उतरल्यावर रस्ते असे की पोटातलं पाणी हलत नाही. रिफा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचलो. दार उघडताच मनीषानं बाळ आईच्या हातात दिलं. मी पुढं सरकलो, तर म्हणाली, "आप्पा, तिथूनच बघा." पाच महिन्यांत फोनवर पाहिलेलं तोंड समोर होतं आणि मला चपलांच्या रॅकपाशी उभं केलं होतं.

फ्रिजवर तिनं एकवीस चौकोनांचा कागद लावला होता. दिवस पार पडला की त्यात एक लाल चुंबक सरकवायचं. कारखान्यात मी दर तासाला ब्रिक्सचं, म्हणजे रसातल्या साखरेचं, रीडिंग तक्त्यात भरायचो, त्यामुळे पद्धत ओळखीची होती. फरक एवढाच, की तेव्हा उसाचा रस नळीत होता आणि आता मी.

चौथा दिवस, मनामा

संदीपराव आम्हाला मनामाच्या जुन्या बाजारात घेऊन गेले. मसाल्यांची पोती, खजुराचे ढीग, हलव्याची दुकानं. हलवा आपल्यासारखा नाही, चिकट आणि केशरी, केशर-वेलदोड्याचा, डिंकासारखा ओढला जातो. बाजारातल्या चहाला करक म्हणतात. आपल्या उसाच्या गुऱ्हाळावर जसा आटवून चहा करतात, तसाच, वेलदोडा जरा जास्त.

चहाच्या दुकानाबाहेर म्हातारे लोक बाकांवर हुक्का ओढत बसले होते. मंगल नाक वर करून म्हणाली, "अहो, इथं सफरचंद शिजवतात का?" मी म्हणालो, "हो, कोळशावर." आणि चौथ्या दिवशीचा मी, त्या सफरचंदाच्या वासाच्या तंबाखूच्या वाऱ्याला तोंड करून जागच्या जागी उभा. संदीपरावांनी दंडाला धरून हलवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी दुकानाच्या दारात उभा आहे आणि मागं गिऱ्हाईक खोळंबलंय.

तलफ म्हणजे काय, हे न ओढणाऱ्याला सांगता येत नाही. घरात पाहुणा यायचा आहे आणि तो येत नाही, असं दिवसभर वाटत राहतं. मी वर्तमानपत्र तीनदा वाचायचो. मंगलनं कांदा जरा जाड चिरला म्हणून मी तिच्याशी भांडलो. लवंग चघळली, बडीशेप चघळली, मनीषाचं एक पेनही चघळलं.

एक विरंगुळा मात्र सापडला. संध्याकाळी साडेपाचला संदीपराव कामावरून यायचे, अंघोळ करून चहाला बसायचे, आणि मी त्यांना माझा दिवस सांगायचो. सकाळच्या पहिल्या सिगारेटचा पहिला झुरका घशात कसा उतरायचा, जेवणानंतरच्या सिगारेटची गोडी वेगळी कशी, थंडीत बोटांना कशी ऊब मिळते. सांगितल्यानं मन हलकं व्हायचं. संदीपराव कप हातात धरून ऐकत राहायचे. चहा निवायचा तरी त्यांचं लक्ष हलायचं नाही. आयुष्यात इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं. आणि ऐकणारा कोण, तर सुपारीसुद्धा न खाणारा माणूस! त्यांच्या बायोडेटात 'निर्व्यसनी' हा शब्द अधोरेखित होता. तो बघूनच मी स्थळ पसंत केलं होतं. माझ्या खिशात तेव्हा पाकीट होतं, पण मुलगी द्यायची होती, मी कुठं नवरामुलगा होतो!

नववा दिवस, सित्राच्या वाटेवर

सुट्टीच्या दिवशी संदीपरावांनी मला त्यांच्या कंपनीचं फाटक दाखवायला नेलं. वाटेत मआमीर लागतं. एका बाजूला घरं, मशीद, किराणा दुकान, आणि त्यांच्या डोक्यावर कारखान्यांच्या चिमण्या. कामगारांच्या बसगाड्या ओळीनं उभ्या. मी काच खाली केली आणि खोल श्वास घेतला.

"मामा, काच लावा," संदीपराव म्हणाले. "वास येतो."

"येऊ द्या," मी म्हणालो. "ह्यांना कुणी एकवीस दिवसांची अट घातलेली दिसत नाही."

ते हसले नाहीत. मला वाटलं, कंपनीबद्दल बोललेलं आवडलं नसेल.

घरी येताना आम्ही गल्लीतल्या भट्टीवरून खुबुज घेतले. भट्टीवाला गरम भाकऱ्या थेट कागदावर टाकतो आणि आपण त्या छातीशी धरून न्यायच्या. मंगलनं एक फोडून बघितला. "फुगतो चांगला," ती म्हणाली, "पण पापुद्रा सुटत नाही." बाजरीची भाकरी करणारी बाई, तिचा निकाल शेवटचा. संदीपरावांनी मात्र चार खाल्ले.

एकोणिसावा दिवस, झल्लाक

अठरा चुंबकं लागली होती. संदीपरावांच्या कंपनीनं कुटुंबांसह सगळ्यांना झल्लाकच्या बाजूच्या वॉटर पार्कला बोलावलं होतं. मनीषा म्हणाली, मी आणि ईशान घरी थांबतो, तुम्ही तिघं जा.

रस्ता वाळवंटातून. दोन्हीकडं तेलाचे नळ पसरलेले आणि मधूनच लोखंडी पंप वर-खाली डोकं हलवतायत, जन्मभर सगळ्याला हो म्हणत आल्यासारखे. मग एकदम निळंशार पाणी आणि त्यावर पिवळ्या-लाल घसरगुंड्या.

दारावर महाडकडचे इकबालभाई होते. आमची बोली ऐकली आणि त्यांचा चेहरा फुलला. "मामा, पाकीट-लायटर काय असंल तर हितंच लॉकरला ठेवा. आत सिगारेट मफी. एकदम मफी." मफी म्हणजे तिकडच्या बोलीत 'नाही'. मी छाती काढून सांगितलं, की मी अठरा दिवसांपासून सोडली आहे. "माशाल्ला," ते म्हणाले आणि संदीपरावांच्या खिशाकडं बघून जरा थांबले. ते थांबणं माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मला ती जागा फार आवडली. सगळीकडं पाणी, अंगात संदीपरावांची बर्मुडा, कुणाकडं काडी नाही आणि जिकडंतिकडं लाल रेघ मारलेल्या सिगारेटची पाटी. मनात आलं, सोडणाऱ्या माणसासाठी ह्याच्यापेक्षा सुरक्षित जागा जगात नसेल. मंगल पंजाबी ड्रेस घालून हवा भरलेल्या रबरी चाकात बसली आणि संथ पाण्याच्या गोल कालव्यात फिरायला लागली. दर फेरीला माझ्यासमोरून जायची आणि ओरडायची, "अहो, बसा की! ही नदी आपली आपणच फिरवते!" मी एक घसरगुंडी केली. कशी कोण जाणे, वरून तोंड खाली करून निघालो आणि खाली पाठमोरा पोचलो. चष्मा एका अरब पोरीनं बुडी मारून काढून दिला.

चष्मा पुसून घातला तेव्हा पाट्या नीट दिसल्या. प्रत्येक पाटीवर लाल रेघेच्या खाली एक बारीक बाण होता. बाणाशेजारी लिहिलं होतं, स्मोकिंग एरिया. कॅन्टीनपाशी बाण, कपडे बदलायच्या खोलीपाशी बाण, लहान मुलांच्या तलावापाशीसुद्धा बाण. अठरा दिवस मला बहारीनमध्ये सिगारेट कुठं ओढतात हे माहीत नव्हतं. बंदीच्या पाटीनं मला हाताला धरून वाट दाखवली.

मी फक्त बघायला गेलो. हे मी आजही सांगतो. माहितीसाठी म्हणून गेलो.

पंपघराच्या मागं, फरशी तापलेली, अनवाणी. मी टाचांवर, मग चवड्यांवर, मग परत टाचांवर असा नाचत पोचलो. जाळीचं कुंपण, वर पत्रा, एकच फाटक. आत वाळूची बादली, एक बाक, बाकावर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला पांढऱ्या दाढीचा बहारीनी गृहस्थ, आणि कोपऱ्यात, बर्मुडातून पाणी गळत असलेले, आमचे निर्व्यसनी संदीपराव.

"तुम्ही इकडं कसे?" मी विचारलं.

"तुम्हाला शोधत होतो मामा. आणि तुम्ही?"

"तुम्हालाच."

"मग सापडलो की."

"हो, सापडलात."

आता दोघांनी परत फिरायला हवं होतं. कुणी हललं नाही. म्हातारबाबा आमच्याकडं कौतुकानं बघत होते. इकडचे बरेच लोक हिंदी बोलतात, आपल्या माणसांबरोबर काम करून शिकलेली.

"तुम बाबा? ये बेटा?"

"बेटा नहीं, दामाद," मी म्हणालो.

"दामाद! माशाल्ला. बाबा और दामाद एक साथ. बहोत अच्छा." त्यांनी पाकीट उघडून आमच्यापुढं धरलं.

"नहीं नहीं, मैं नहीं पीता," मी म्हणालो.

"मैं भी नहीं पीता," संदीपराव म्हणाले.

म्हातारबाबांनी कुंपणावरच्या पाटीकडं पाहिलं, मग आमच्याकडं. "दोनों नहीं पीता? तो इधर क्या करता?"

त्यांनी स्वतःची पेटवली. धूर पत्र्याखाली थांबला आणि माझ्याकडं आला, गर्दीतून ओळखीचा माणूस हात करत येतो तसा. पाकीट अजून पुढंच होतं. यजमानाचा हात किती वेळ लोंबकळत ठेवायचा? मी एक घेतली. संदीपरावांनीही घेतली. म्हातारबाबांनी दोन्ही पेटवून दिल्या.

आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर ओढत नाहीत. वडिलांच्या डोळ्यांसमोर मी कधी सिगारेट धरली नाही. त्यांना ठाऊक होतं, कारण मी सुट्टीला घरी आलो की ते काडेपेटी ओट्यावर विसरून शेतात जायचे. पण दिसू मी दिलं नाही आणि त्यांनी पाहिलं नाही. तोच रिवाज संदीपरावांच्या रक्तात. ते पुटपुटले, "मामा, तुम्ही ओढा, मी तिकडं तोंड करतो," आणि जाळीकडं वळले. मग मलाही इकडं तोंड करणं भाग होतं. सासरा एका दिशेला, जावई दुसऱ्या दिशेला, मधे पाठीला पाठ.

म्हातारबाबा कासावीस झाले. "क्या हुआ? झगडा?"

"नो झगडा," मी पंपघराच्या भिंतीकडं बघत म्हणालो.

"झगडा! मैं देखता." ते उठले, आम्हाला खांद्याला धरून समोरासमोर उभं केलं. आम्ही परत वळलो. त्यांनी परत फिरवलं. "बाबा, गुस्सा खलास. दामाद छोटा है. क्या किया इसने? बेटी को तकलीफ दिया?"

मला हसू फुटलं आणि धूर भलतीकडं गेला. असा ठसका लागला की डोळ्यांपुढं अंधारी. संदीपराव धावले आणि माझ्या पाठीत गुद्दे घालायला लागले, तोंडात सिगारेट तशीच. मी वर बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांना खरं पाहिलं. म्हातारबाबा समाधानानं म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला," आणि निघून गेले. त्यांनी समेट घडवला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कॉलेजपासून."

"आणि बायोडेटा?"

"तो आईनं लिहिला होता मामा." मग खाली बघत म्हणाले, "पण ईशान पेटीत होता ना, तेव्हा काचेबाहेर उभं राहून सोडली. खरंच सोडली होती. सव्वाचार महिने एकही नाही."

"मग पुन्हा कधी?"

ते बर्मुडाची नाडी आवळायला लागले.

"अहो, सांगा की."

"तुम्ही आल्यावर." त्यांनी कपाळ चोळलं. "रोज साडेपाचला तुम्ही सांगायचात. पहिला झुरका, जेवणानंतरची, थंडीतली... मी ऐकायचो. आठव्या दिवशी साइटवर एकाकडून मागून घेतली. घरी आल्यावर अंघोळ करतो, कपडे बदलतो, मगच त्याला घेतो."

"आणि श्वास? तो कुठं बदलता?"

त्यांनी सिगारेट बादलीत खुपसली. मीही खुपसली. ज्या सिगारेटनं माझा ऊर भरायचा तिनं काहीही दिलं नव्हतं, चक्कर तेवढी आली होती. एक माणूस जिवाच्या करारानं सुटला होता, त्याला मी रोज चहाबरोबर परत आत ढकलत होतो. पदवीधर माणूस, आणि एवढं कळलं नाही.

गाडीत बसण्याआधी संदीपराव म्हणाले, "मामा, मनीषाला नका सांगू." मी दार उघडून पुढं बसलो. मागच्या सीटवर मंगल नदीच्या फेऱ्या मोजत होती. अकरा झाल्या होत्या म्हणे.

त्याच संध्याकाळी

घरी पोचलो तर मनीषाचा चेहरा खुललेला. "आप्पा, आईनं फोनवर सांगितलं, दिवसभर कसे मस्त होतात. राहिलेले तीन दिवस माफ. कोपरापर्यंत हात धुवा आणि बसा."

मी हात धुतले. सोफ्यावर बसलो. मांडीवर तिनं उशी ठेवली. अंगाला क्लोरीनचा वास होता, दुसरा कुठलाच नाही. कुणाला काही कळणार नव्हतं. ईशान तिच्या हातातून माझ्याकडं बघत होता, खालचा ओठ ओला. दोन हातांचं अंतर एक हातावर आलं होतं.

लॅबमध्ये माझ्या हाताखालची पोरं कधीकधी नमुना न तपासताच तक्ता भरायची. मी त्यांना फार बोलायचो. न घेतलेलं रीडिंग लिहिणाऱ्यानं केमिस्ट म्हणवून घेऊ नये, असं तिथं माझंच वाक्य होतं.

"थांब," मी म्हणालो. "माझं आजचं रीडिंग एक सिगारेट आहे. मागची अठरा चुंबकंही काढ."

मनीषानं बाळ छातीशी घेतलं. मंगलनं डोक्याला हात लावला. "अहो, चहूकडं पाणी असताना तुम्हाला पेटवायला मिळाली तरी कुठं?"

मी बाणांचं सांगितलं, म्हाताऱ्याचं सांगितलं. संदीपरावांचं नाव घेतलं नाही. ते खुर्चीमागं उभे होते. त्यांच्या बोटांची खुर्चीवर टकटक चालली होती, ती थांबली.

"मी पण," ते म्हणाले. "आजच नाही. दहा-अकरा दिवस झाले."

मनीषा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ईशानला आईच्या हातात दिलं. मग माझ्याकडं वळली. "आप्पा, मुलगा तुम्हीच पारखून आणला होता."

फ्रिजवरचा कागद तिनं फाडला. नवीन कागदावर दोन रांगा आखल्या. एकीवर लिहिलं आप्पा, दुसरीवर संदीप. "तुमचं परतीचं विमान बेचाळिसाव्या दिवशी आहे," ती मला म्हणाली. "एकही चुकला तर ईशानला फोनवर बघायचं. आणि संदीप, तुलाही हेच. आणि संध्याकाळचं ते कीर्तन आजपासून बंद."

पुढचे एकवीस

घरात दोन पुरुष आणि दोघांनाही बाळ बंद. आम्हाला बाटल्या उकळायचं आणि लंगोटांच्या घड्या घालायचं काम मिळालं. साडेपाचला आम्ही खुबुज आणायला चालत जायचो, लांबच्या भट्टीवर. तो विषय काढायचा नाही, म्हणून दुसरे निघाले. संदीपरावांनी त्या काचेच्या पेटीबद्दल सांगितलं. ईशानच्या पायात मावेल असा मोजा दवाखान्यात नव्हता, म्हणून नर्सनं कापसाचा केला होता. सहा वर्षं मी ह्या माणसाला फक्त 'पगार कसा, तब्येत कशी' विचारत होतो.

ह्या फेरीच्या अकराव्या दिवशी दुपारी फोन आला. "मामा, सित्रातून बोलतोय. समोर एकजण पेटवून बसलाय. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. तो विषय सोडून."

मला दुसरं काय येतं? मी फोनवरच ऊस गव्हाणीत टाकला. रस काढला, चुना घातला, गाळला, आटवला, पॅनमध्ये दाणा धरला, मळी वेगळी केली. संदीपराव मधूनमधून "हं, मग?" म्हणायचे. साखर पोत्यात भरून वर शिलाई मारली तेव्हा ते म्हणाले, "गेला तो मामा. मी पण जातो."

त्यानंतर आणखी दोनदा असा फोन लागला. एकदा त्यांच्यासाठी मी परत ऊस गाळला, एकदा मी त्यांना फोन केला आणि त्यांनी मला पाइपचा वेल्ड कसा तपासतात ते पंचवीस मिनिटं सांगितलं.

एकेचाळिसावा दिवस

दोन्ही रांगा भरल्या. दुसऱ्या दिवशी विमान. सकाळी आम्ही दोघं हात धुऊन सोफ्यावर शेजारी-शेजारी बसलो. मनीषानं ईशानला आधी माझ्याकडं दिलं, कारण माझ्याकडं एकच दिवस होता.

त्यानं माझ्या मिशीकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. मी घाबरून त्याला ऊस गाळायची हकिगत सांगायला लागलो. चुन्यापर्यंत पोचलो तोवर तो गप्प झाला, आणि रस आटायच्या आत झोपला. वजन फार नव्हतं, ताज्या खुबुजच्या गठ्ठ्याएवढं, तसंच गरम.

दोन तास गेले. माझा डावा पाय बधिर झाला. मान अवघडली. शेजारी संदीपराव बोटं मोडत होते.

"मामा, आता माझा नंबर."

"झोपलाय."

"मामा, मी बाप आहे त्याचा. मीही एकवीस दिवस थांबलोय."

मी आवाज बारीक केला, मनीषा स्वयंपाकघरात होती. "संदीपराव, खरं सांगू? आत्ता इतकी तलफ आलीय, पहिल्या दिवशी आली नव्हती एवढी. हा अंगावर आहे तोवर मी बसलोय. उठलो तर सरळ खालच्या दुकानात जाईन."

त्यांनी एकदा ईशानकडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग पुढं वाकून त्यांनी माझ्या कोपराखाली आणखी एक उशी सरकवली.